माळ खिशात ठेवण्याआधी

देवाला फसवता येतं, असं मला बरीच वर्षं मनापासून वाटत होतं. दारू सुटावी म्हणून आईने माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती, आणि माळकऱ्याने पिऊ नये हे मलाही पूर्ण मान्य होतं. म्हणून गुत्त्यात शिरण्याआधी मी माळ काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचो, वर बटण लावायचो आणि बाहेर आल्यावर पुन्हा गळ्यात घालायचो. माळेचा मान राहायचा, माझीही सोय व्हायची. चिंचवडच्या मोरयासमोर तर इतक्यांदा कान धरले होते, की ते जन्मतःच लांब असावेत असं पुजाऱ्यांना वाटत असेल.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. एका बुधवारी कंपनीतून सुटलो आणि शेजाऱ्यांच्या खांद्यांवरून घरी पोचलो. सकाळी उठून पाहतो तर पत्नीने ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. ती भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाली, "आज संध्याकाळी शुद्धीत घरी आलात तर ठीक. नाहीतर उद्या पहिल्या गाडीने मुलांना घेऊन मी दादाकडे वाईला जाते."

तेव्हा मला आमच्या कंपनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांचं बोलणं आठवलं. दिघीच्या रस्त्याला एक शाळा आहे, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तिथल्या एका वर्गात दारू सोडलेली माणसं जमतात, असं ते मागे एकदा म्हणाले होते. त्या वेळी मी हसलो होतो. दारू सोडलेल्या माणसांनी जमून करायचं तरी काय, सरबत प्यायचं? पण त्या दिवशी सुट्टीच होती. मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि उन्हं कलताच सायकल काढली. जसा काही मुलगी बघायलाच निघालो होतो.

शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. आतून म्हातारे वॉचमनमामा आले. "आज कसली मीटिंग? रविवारी साळंला सुट्टी असती, तवा येत्यात ती मानसं. आज न्हाई कुनी."

आमच्या पट्ट्यात विजेच्या टंचाईमुळे कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. इतके गुरुवार लोळून काढल्यावर सगळ्या जगालाच गुरुवारी सुट्टी असते, असं मी धरून चाललो होतो. माझीच मुलं दर गुरुवारी माझ्या डोळ्यांसमोर दप्तर घेऊन शाळेत जायची, तरीसुद्धा.

खोटं कशाला बोलू, आधी मला हायसंच वाटलं. मी आलो होतो, कुलूप देवाने लावलं होतं. पुढच्या वळणावरच एक गुत्ता होता. ट्रंक डोळ्यांपुढे आली, पण हात मात्र आपसूक गळ्याशी गेला आणि माळ वर उचलू लागला.

"डाव्या खिशात ठेवता का उजव्या, राव?"

मागे माझ्याच वयाचा एक माणूस सायकल धरून उभा होता. मी झटकन हात खाली घेतला. तो हसला. "मी जेवणाच्या डब्यात ठेवायचो. वरच्या पुडात. एकदा भाजीत पडली." त्याने कॉलर बाजूला केली. त्याच्याही गळ्यात माळ होती, आणि तिचे मणी जरा पिवळसर होते.

तो मुंबईहून भोसरीच्या एका कंपनीत बदलून आलेला होता. त्याची दारू सुटून काही वर्षं झाली होती. तिकडे तो अशा सभांना नेमाने जायचा, म्हणून इथली शोधत आला होता. त्यालाही कुणीतरी 'सुट्टीच्या दिवशी' एवढंच सांगितलेलं. "महिन्याभरात मीपण गुरुवारवाला झालो बघा," तो म्हणाला.

"दोघांची कसली मीटिंग?" मामा म्हणाले.

"दोघं बसले की झाली, मामा. तुम्ही बसलात तर गर्दी होईल."

मामांनी कुलूप उघडलं, बाकडं ओढून दिलं आणि स्वतःही बसले. त्या मुंबईवाल्याने कोपऱ्यावरून भजी आणली. त्याने आधी स्वतःचं सांगितलं, काही न लपवता, मधेमधे हसत. मग मी बोललो. माझं बोलणं ऐकून मलाच नवल वाटत होतं, कारण त्यात एकही बहाणा नव्हता. "जन्मभराचं सोडा," तो म्हणाला, "आज घरापर्यंत जाऊ." आणि खरंच घरापर्यंत आला. गुत्त्यापाशी त्याने सायकलची घंटी जोरात वाजवली, जणू तिथून कुणी आडवं येणार होतं.

दारात पत्नी उभी होती. तिने सांगण्याआधीच मी तोंड उघडून "हा" केलं. तिने वास घेतला. "भजी खाल्लीत," म्हणाली, आणि वळून ट्रंक खाटेखाली सरकवली. भरलेलीच. ती रिकामी करायला तिने पुढे बरेच आठवडे घेतले, आणि ते योग्यच होतं.

रविवारी बिनपगारी रजा टाकून मी सभेला गेलो. खोली भरलेली होती, आणि निम्मेअधिक माझ्यासारखेच रजा टाकून आलेले. मग मामांच्याच बाकड्यावर गुरुवारची बैठकही सुरू झाली.

त्या संध्याकाळी मी वार बरोबर धरला असता तर काय झालं असतं, याचा विचार आता करत नाही. माझ्या शहाणपणाला जे जमलं नव्हतं, ते माझ्या चुकीकडून देवाने करून घेतलं. अजूनही त्या वळणावर हात गळ्याशी जातो. माळ तिथेच असते. मी ती धरतो आणि पुढे जातो. कोणी कोणाला धरलंय, हे विचारायचं मी सोडून दिलंय.