काहिलीतली त्सुनामी आणि शिराळ्याकडची पोरं

“रविवारी पोरं कोकणात चालल्यात सहलीला. एकानंबी समुद्र बघितलेला न्हाई. तू ये आणि जरा समुद्र सांग,” असा माझ्या मावसबहिणीचा, शुभांगीचा फोन आला आणि मी उडालेच! ती शिराळ्याच्या पुढे एका गावात शिक्षिका आहे. मी सांगलीत भूगोल शिकवते आणि महाभूकंप हा माझा अत्यंत लाडका विषय. समुद्र सांग म्हटल्यावर मी थेट त्सुनामीवर पोचणार, हे तिला कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी भडंगाचा पुडा घेऊन गाडी काढली. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका करून शिराळा. रस्ता चांगला आहे, पण सध्या उसाचा हंगाम, त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागे अडकलात की अडकलात. घाई असेल तर पहाटे निघा. नसेल तर पेठ नाक्याला मिसळ खा. मी घाईत होते, तरी खाल्ली.

प्रयोगासाठी नेलेला प्लॅस्टिकचा टब वाटेतच चिरला होता. मी हिरमुसले. “गुऱ्हाळावर जुनी काहील पडलीया की,” शुभांगी म्हणाली. गूळ आटवायची ती अवाढव्य उथळ कढई बघितली आणि माझा आनंद गगनात मावेना. जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेत अशी टाकी असेल? पोरांनी एका बाजूला वाळूचा उतार केला, त्यावर काड्यापेट्यांचं गाव वसवलं, पाणी भरलं.

मग मी सुटलेच. समुद्राच्या तळाशी जमिनीचा एक प्रचंड तुकडा दुसऱ्याखाली कसा सरकतो, वर्षानुवर्षं अडकून राहतो आणि एक दिवस झटक्यात सुटतो, तेव्हा वरचं सगळं पाणी कसं हलतं. पाण्यात उभा धरलेला लाकडी पाट मी मागे ओढला. काड्यापेट्यांसमोरचं पाणी सर्रकन मागे गेलं, वाळू उघडी पडली आणि अख्खा वर्ग काठावर ओणवा झाला. पुढच्या क्षणी पाणी उसळून आलं आणि गाव साफ.

“तुम्ही पुढे का आलात?” मी विचारलं.

“पाणी बघाय,” सातवीतली तन्वी म्हणाली.

बरोबरच होतं. वारणेला पूर आला की इथं घरोघरची माणसं पाणी बघायला जातात. सांगलीत आम्हीही कृष्णेच्या पुलावर तेच करतो. पूर सावकाश चढतो, बघायला वेळ देतो. त्सुनामी देत नाही. “जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर बघत थांबायचं नाही. उंचावर पळायचं!”

मागून आवाज आला. “आवं बाई, मग तिकडं न्यायचंच कशाला पोरास्नी? सहल क्यान्सल!” शाळा समितीचे अध्यक्ष आबा, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. तन्वीचा चेहरा पडला. समुद्र सांगायला आले आणि पोरांचा समुद्रच घालवून बसले!

असे भूकंप होतात त्या जागा कोकणापासून फार लांब आहेत, आधी इशारा मिळतो, हे सगळं सांगून झालं. आबांचं आपलं एकच, “क्यान्सल!” शेवटी म्हटलं, “आबा, पुन्हा एकदा करते. पोरं काय करतात ते बघा.”

पाट ओढला. पाणी मागे गेलं आणि सगळी पोरं बोंबलत शेजारच्या उंच माळावर! खाली फक्त आबा, कुठली काड्यापेटी पडते ते वाकून बघत. लाट आली ती थेट त्यांच्या पँटीवर.

“आबा, तुमी वाहून गेलासा!” वरून तन्वी ओरडली.

आबा आधी तिच्याकडे, मग पँटीकडे बघत राहिले आणि खो खो हसायला लागले. “व्हय गं, गेलो की! न्या बाई पोरास्नी. मीबी येतो.” गुऱ्हाळवाल्याने हातावर गरम गूळ ठेवला. तसा गूळ मी जन्मात खाल्लेला नाही. तिकडे गेलात तर हंगामातच जा.

रविवारी दुपारी मी सांगलीत घरी, इतकं छान शिकवल्याच्या तोऱ्यात लोळत होते. तेवढ्यात फोन वाजला. शुभांगीच्या फोनवरून तन्वी बोलत होती, धापा टाकत.

“मॅडम, पाणी लय मागं गेलंय! जेवाय बसलो तवा जवळ हुतं. आमी सगळी टेकडीवर हाय!”

मी ताडकन उठून बसले. “जमीन हलली का? पाणी एकदम गेलं?”

“न्हाई. हळूहळू.”

“बाकीची माणसं कुठायत?”

“खाली. आमाला हसाल्यात.”

ओहोटी! अख्खा समुद्र शिकवला आणि रोजची भरती-ओहोटी सांगायचीच राहिली. हसू की रडू कळेना. शरम वाटली आणि त्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला. कुणीही पाणी बघत थांबलं नव्हतं. मी घाईघाईने ओहोटी समजावली. रोज होते, सावकाश होते, घाबरायचं नाही.

“म्हंजे खाली जाऊ का?”

“जा गं. पळ!”

फोन बंद करायचं तिला सुचलंच नाही. टेकडी उतरणाऱ्या पोरांचा कल्ला मला ऐकू येत राहिला, मग पाण्याचा आवाज, आणि मग तन्वीची किंकाळी, “आयो, खारट हाय!”