तक्रार पुढे पाठवली आहे

आमच्या ऑफिसचे किस्से मी गोळा करत नाही. ते साचतात, तुंबलेल्या गटारात पाणी साचतं तसे. मित्र म्हणतात, "सांग की एखादा, हसू जरा." सांगते. पण हसून झालं की थोडं चिडायचं, एवढीच अट.

ऑफिस सोलापुरातलं, सरकारी. काम दिव्यांगांना ऑनलाइन प्रमाणपत्र देण्याचं. पूर्वी कॉम्प्युटरचं सगळं काम एकाच कंपनीकडे होतं आणि ती फार माजली होती. म्हणून नव्या कंत्राटात चार कंपन्या घेतल्या: मशीनवाले, नेटवाले, सॉफ्टवेअरवाले आणि डेटावाले. एकमेकांवर वचक राहील, हा विचार. कागदावर झकास! मी इंजिनिअर होऊन तिथल्या मदतकक्षात बसते, म्हणजे लोकांच्या शिव्या पहिल्यांदा मला बसतात.

*

एकदा फोटोच्या कॅमेऱ्याची वायर निघून खाली लोंबत होती. मशीनवाल्यांचा मल्लिनाथ अक्कलकोटचा. चिडला की कन्नडमध्ये जातो. वाकून बघून म्हणाला, "नम्दल्ला री, नम्दल्ला!" म्हणजे आमचं नाही. कॅमेरा त्याचा, वायर नेटवाल्यांची.

नेटवाला म्हणाला, "वायर आमचीच. पण ती ज्या भोकात खोचायची, ते भोक मशीनवाल्यांचं!"

बाहेर माणसं उन्हात उभी. मी उठले आणि वायर खोचायला हात पुढे केला. दोघं एकदम ओरडले, "मॅडम, हात लावू नका! जबाबदारी तुमच्यावर येईल!"

माणसं तशीच परत गेली. पण दोन कंपन्यांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

रोहिणी वैरागची. जन्मापासून एक पाय अधू. तिला सोलापुरात पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. वसतिगृहात तळमजल्याची एक खोली तिच्यासाठी राखून ठेवली होती. फक्त प्रमाणपत्र ऑनलाइन दिसायला हवं. तोवर रोज वैराग-सोलापूर एसटी. कुबड्या आधी आत सरकवायच्या, मग दांडीला धरून स्वतःला वर ओढायचं.

डॉक्टरांनी तपासलं, सही केली. तरी प्रमाणपत्र निघेना, कारण त्यावर फोटो येईना.

तिचे वडील दशरथमामा खिडकीशी आले. "म्याडम, पोरगी ही हितं हाय. हितंच बसवून फोटो काढला. मग ग्येला कुटं?"

"काढलाय मामा. पुढं कुठंतरी अडकलाय."

"कुटं?"

"तेच कुणी सांगत नाही."

"बरं हाय की! एसटीत पिशवी हरवली तर कंडक्टर तरी गावतो."

*

कंत्राटात एक अट आहे. आलेली तक्रार दुसऱ्या दिवसापर्यंत निकाली काढा किंवा संबंधित कंपनीकडे पाठवा, नाहीतर दंड. निकाली काढायला डोकं लागतं, पाठवायला एक बोट. त्यामुळे संध्याकाळी चहा आला की चौघं एका हातात कप धरतात आणि दुसऱ्या हातानं आपापल्या तक्रारी शेजारच्या टेबलाकडे ढकलतात. टेबलं अगदी चिकटून! पण कुणी मान वळवून विचारेल तर शपथ.

"घे रे, रोहिणी तुझ्याकडं आली."

"राहू दे. उद्या पुढं काढतो."

चार टेबलं फिरून तक्रार परत आली की मल्लिनाथ स्क्रीनला म्हणायचा, "आलीस का बाई? टेक जरा. उद्या निघायचंय."

मुलीला एसटीत बसायला जागा मिळत नव्हती. तिची तक्रार मात्र रोज ऐसपैस प्रवास करत होती.

*

मी भांडले, तेव्हा साहेबांनी चौघांची बैठक लावली. मशीनवाल्यांनी दाखवलं, फोटो बरोबर निघालाय. नेटवाल्यांनी दाखवलं, बरोबर गेलाय. डेटावाल्यांनी दाखवलं, बरोबर ठेवलाय. सॉफ्टवेअरवाल्यांनी दाखवलं, आमचा प्रोग्राम बरोबर चालतोय.

साहेबांनी चष्मा काढला. "सगळ्यांचंच बरोबर असेल, तर मग ती मुलगीच चुकीची असेल!"

चौघंही हसले. मला हातातला चहाचा कप फेकून मारावासा वाटला.

*

सॉफ्टवेअरवाल्यांचा सागर माझ्याच कॉलेजचा. त्याला गाठून म्हणाले, "तू तो फोटो हातानं चढवू शकतोस ना?"

"चहा निवायच्या आत."

"मग चढव की!"

"अगं, एकदा मी केलं की ते आमचं काम झालं. मग जन्मभर आम्हीच करायचं का?"

पोरगा वाईट नाही. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, एवढ्यात हे शिकला. संताप त्याचाच येतो!

*

मग वरून उपाय आला. चार कंपन्यांत मेळ नाही, म्हणून मेळ घालायला पाचवी कंपनी नेमली. तिचा माणूस टाय लावून आला, सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं रोहिणीची तक्रार मल्लिनाथकडे पाठवली.

वसतिगृहानं वाट पाहून ती खोली दुसऱ्या कुणाला तरी दिली.

*

आणि आता सत्कार. वरच्यांनी तपासणी केली तर एकही तक्रार कुठल्या टेबलावर एका रात्रीहून जास्त मुक्कामाला राहिलेली नाही! दंड शून्य. म्हणून कंपन्यांचा 'तत्पर सेवा' म्हणून गौरव ठरला. गुच्छ लाभार्थ्याच्या हस्ते द्यायचा. ज्याच्या तक्रारीवर सर्वाधिक वेळा वेळेत कार्यवाही झाली, तो लाभार्थी. कॉम्प्युटरनं नाव काढलं: रोहिणी.

हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. रोहिणी एकेक पायरी चढून आली. मामा तिच्या मागं, धुतलेल्या टोपीत.

रोहिणीचे दोन्ही हात कुबड्यांवर, म्हणून साहेबांनी मामांच्या हातात गुच्छ दिला. समोर पाचही कंपन्यांची माणसं ओळीत उभी, हात पुढे. फोटोग्राफर म्हणाला, "हां, द्या मामा!"

मामा हलले नाहीत.

"मामा, द्या की!" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"साहेब, गुच्छ धरायचं काम माज्याकडं हाय," मामा शांतपणे म्हणाले. "द्यायचं आमच्याकडं येत न्हाय."

पाच हात तसेच हवेत.

"आप्पा, चला," रोहिणीनं कुबड्या सावरल्या. "वैरागची गाडी जाईल."

गुच्छ काखेत मारून मामा तिच्या मागोमाग जिना उतरू लागले.