एकोणचाळीस बावन्न

पुण्यात शेजाऱ्याशी, रिक्षावाल्याशी आणि महापालिकेशी भांडणारी माणसं पुष्कळ आहेत, पण थेट वाऱ्याशी भांडण असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

मी यवतमाळकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, हे मी कुणी न विचारताही सांगतो. शहरात सॉफ्टवेअर कंपन्यांचं पेव फुटलं होतं. त्यातल्या एकीत नोकरी लागली आणि विश्रांतवाडीत या घरमालक काकांची खोली मिळाली. काका कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन घरी बसलेले फिटर. घरी बसलेले म्हणायचं एवढंच. ते बसत सायकलवर. पहिल्याच रविवारी ते अंगणात वस्तऱ्यानं नडगीवरचे केस काढताना दिसले. आमच्या गावात कुणी मांत्रिक बोलावला असता. मी दारातच थिजलो. "वारा अडतो," काका म्हणाले आणि दुसरा पाय पुढे घेतला. पुढे सायकलची घंटा गेली, स्टँड गेला, आणि एका सकाळी तीस वर्षांची मिशी गेली. दूध घेऊन परतले तेव्हा काकूंनी दार अर्धवट उघडून, "कोण पाहिजे?" असं विचारलं.

हे सगळं एका शर्यतीसाठी. दरवर्षी हिवाळ्यात सिंहगड रस्त्यानं खडकवासल्यापर्यंत जाऊन परत, वीस किलोमीटर. सगळे एकदम सुटत नाहीत. मिनिटामिनिटानं एकेकाला सोडतात आणि ज्यानं त्यानं आपल्या घड्याळाशी झुंजायचं. दुसऱ्या स्पर्धकाच्या मागं लपून वारा चुकवला की बाद. काकांना नंबर नको होता. साठी उलटण्याआधी चाळीस मिनिटांच्या आत यायचं, एवढंच. सहा वर्षं ते चाळीसच्या वर काही सेकंद घेऊन परतत होते आणि ते सेकंद घरात वर्षभर राहायला असत. चहाला उशीर झाला की काकू म्हणायच्या, "घ्या, इथंही अकरा सेकंद गेले."

साठीच्या आधीची शेवटची शर्यत आली. आयोजकांच्या घड्याळावर विश्वास नसल्यानं काकांनी मला स्वतःचं स्टॉपवॉच देऊन शेवटच्या रेषेवर उभं केलं. "तुम्ही इंजिनियर. बटण दाबता येईल ना?" शेजारी काकू, पिशवीत पेढ्यांचा पुडा. काका आले ते मान खाली घालून, तोंड उघडं, चेहरा वांग्याच्या रंगाचा. मी बटण दाबलं. एकोणचाळीस बावन्न. आयोजकांचंही तेवढंच. माझी पदवी आली तेव्हाही मी इतका नाचलो नव्हतो.

काका मात्र सायकल भिंतीला टेकवून सरळ टेबलापाशी गेले आणि आपलं नाव खोडायला सांगितलं. धायरी फाट्यापुढं मांडवाच्या बांबूंचा एक टेम्पो पुढं आला होता, दोनशे मीटर आपण त्याच्या आडोशानं आलो, म्हणाले. माझ्या हातातलं घड्याळ गळायचंच बाकी होतं. टेबलावरचा माणूस समजावून थकला. "अहो काका, टेम्पो स्पर्धेत नव्हता."

"वाऱ्याला ते माहीत नव्हतं," काका म्हणाले, आणि त्याच्याच पेनानं आपल्या नावावर रेघ मारली.

काकूंनी पिशवीत हात घातला. पुडा सोडला आणि तिथल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत गेल्या. "घ्या, टेम्पो पास झाला." परतताना मला राहवलं नाही. कोण बघत होतं, असं मी विचारलं. काकांनी माझ्याकडं पाहिलं. "अच्छा. म्हणजे मी कोणीच नाही."

पुढच्या वर्षी त्रेचाळीस मिनिटं लागली, मग गुडघा गेला. मी स्वतःचा फ्लॅट घेतला, जाणं कमी झालं. परवा गेलो तेव्हा काका खुर्चीत होते, गुडघ्याला पट्टा, मिशी परत आलेली, पांढरी. काकू आत चहा टाकत होत्या. मी विचारलं, काका, खरं सांगा, तो टेम्पो नसता तर?

त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला.

"एकोणचाळीस सत्तावन्न," अगदी हळू म्हणाले, आणि लगेच स्वयंपाकघराकडं पाहिलं, काकूंनी ऐकलं तर नाही ना म्हणून.