भिजलेली ज्वारी

काल माठ झिरपून ज्वारीचं पोतं खालून भिजलं. तो आंबूस वास आला आणि मी थेट शहागंजमागच्या आमच्या जुन्या घरात पोचले.

लहानपणी आम्ही चार दिवस लग्नाला वैजापूरला गेलो होतो. न्हाणीतला नळ कोरडा म्हणून उघडाच राहिला. मागं पाणी आलं आणि दाराखालून गल्लीत वाहू लागलं. शेजारच्या फातिमाखालानं कुलूप तोडलं, नळ बंद केला, आमच्या गाद्या उचलून पलंगावर रचल्या.

आम्ही परतलो तर ती दारातच उभी होती.

"कुलूप तोडलं भाभी, माफ करा," ती म्हणाली. "पन रसोईत नाय गेले मी."

स्वयंपाकघर एक पायरी खाली होतं. तिथं पाणी साचून वर्षाच्या ज्वारीला कोंब फुटले होते. आई ओली ज्वारी सुपात उपसू लागली. मला मात्र खालाचाच राग आला. एवढं केलं, मग पोतं का नाय उचललं?

रसोईत येऊ नको, असं तिला आमच्यातलं कुणी कधीच म्हणालं नव्हतं. फक्त तिचा चहाचा कप आम्ही वेगळा, न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवायचो. नळाच्या अगदी वर.