खडूचे नंबर

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे काढत असे, तेव्हा बायकांच्या वॉर्डात एक कारकून होता. काय थाट त्याचा! कानावर पेन्सिल, खिशात खडू आणि चाल थेट सेनापतीची. खाटा तीसच. बाकीच्या बाया फरशीवर सतरंज्या टाकून पडायच्या. नर्सला गोळ्या देताना सापडाव्यात म्हणून हा रोज प्रत्येकीच्या उशाशी खडूने नंबर घालायचा: एकतीस, बत्तीस, पुढे कितीही. "माय, तू आज चाळीस नंबर वं!"

एकदा मुंबईहून एक साहेब वॉर्डाचं काम मोजायला आले. त्यांनी खाटा मोजल्या, हातातल्या तक्त्यात तीस लिहिले आणि म्हणाले, "तीस पेशंट. एक नर्स जास्त आहे, बदली करू."

"अन् हे खालचे नंबर साहेब?" कारकून म्हणाला, " नर्स या बायांसाठीबी वाकूनच राहिली ना!"

तेवढ्यात एक म्हातारी आत आली आणि सेहेचाळीस नंबरच्या पलीकडे भिंतीशी टेकली. कारकुनाने मुकाट्याने खडू साहेबांपुढे धरला. साहेबांनी तक्त्यातले तीस खोडले, उकिडवे बसले आणि फरशीवर सत्तेचाळीस लिहू लागले.

"जरा ठळक काढा साहेब," कारकून वरून म्हणाला, "रोज पोछा लागते इथं."