डोंगरावर मासळीचा काटा

क्लेमेंटीन तुस्कानो यांनी वीसेक वर्षं एका प्रश्नाला दिली. प्रश्न त्यांचा नव्हता. कृष्णाचा होता.

तेव्हा त्या वसईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. गोखिवऱ्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, वनखात्याने एका उतारावरची जुनी झाडं तोडून नवी लावली होती. पाड्यावर सभा भरली. रोपं जगवायची तर रानातला पाचोळा उचलायचा नाही, असं साहेबांनी सांगितलं. पाडा हादरला. पाचोळा नाही तर राब कसला? उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, काटक्या अंथरून जमीन भाजायची आणि पाऊस आला की त्याच राखेत भाताचं बी टाकायचं, ही इथली रीत.

पाड्यातला तरणा कृष्णा उठला. "सगळा नको तर नको. पन किती नेला तर रान मरनार नाय, तेवढं तरी सांगा."

सगळ्यांनी पाहुण्या म्हणून आलेल्या क्लेमेंटीन टीचरांकडे पाहिलं. पुस्तकांत उत्तरं होती, पण ती दुसऱ्या देशांतल्या रानांची. या उताराचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

दुसरं कोणी असतं तर चहा पिऊन घरी गेलं असतं. टीचरांनी परवानगी काढली आणि त्या उतारावर तीन पट्टे आखले. माती तीच, झाडंही तीच: ऐन, खैर, साग. पहिल्या पट्ट्यातला पाचोळा दर वर्षी झाडून सगळा न्यायचा. दुसऱ्यातला तोलून अर्धा न्यायचा. तिसऱ्याला हात लावायचा नाही. आणि मग वाट बघायची.

हे वाट बघणं सोपं नव्हतं. रविवारी मिस्सा झाली की बायका चर्चच्या आवारात गप्पांना थांबत. टीचर गमबूट चढवून निघत.

"डोंगरात सोनं पुरलंय काय गं?" एखादी विचारायची.

"माती आहे."

"माती तर तुझ्या वाडीतपण आहे!"

मुलं त्यांना 'माती टीचर' म्हणत. त्यांना ते आवडायचं. साहेब बदलले. नोकरी संपली. गुडघे कुरकुरू लागले. एका उन्हाळ्यात वणवा पट्ट्यांच्या कडेपर्यंत आला, तेव्हा कृष्णाने आणि पाड्यातल्या बायकांनी हिरव्या फांद्यांनी तो झोडपून विझवला. गोखिवऱ्याकडून कारखान्यांचे गाळे चढत वर आले. पट्टे तेवढे राहिले.

आणि यंदा उत्तर द्यायची वेळ आली. रानाचा नवा आराखडा ठरायचा होता. पाचोळा कायमचा बंद, की अर्धा नेला तर चालेल? वन समितीची सभा संध्याकाळी पाड्यावर होती. शेवटचं मोजमाप त्याच दिवशी सकाळी. पाऊस सरला होता, जमीन वापशावर आली होती, ना चिखल ना कोरडी.

मोजमाप साधं होतं. लोखंडी कडं मातीत ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते किती वेळात जिरतं ते बघायचं. पहिल्या पट्ट्याची माती वर्षागणिक आवळत गेली होती. तिसरा पट्टा घटाघटा पाणी प्यायचा. घोळ होता तो मधल्याचा. कधी तो तिसऱ्यासारखा वागायचा, कधी पहिल्यासारखा. अर्धा पाचोळा पुरतो की नाही, हे त्याने अजून नक्की सांगितलं नव्हतं. टीचरांना रात्री झोप लागली नव्हती.

त्यांना डोंगरापाशी सोडायला धाकटा भाऊ बॅप्टिस्ट आला होता, केळी वाहायच्या टेम्पोतून. कृष्णा पाण्याचे डबे घेऊन आधीच हजर होता. आता त्याचेही केस पिकले होते.

गुडघ्यांमुळे टीचर पावसाळाभर वर आल्या नव्हत्या. आता पहिल्या पट्ट्याशी आल्या आणि थबकल्या.

खालच्या कोपऱ्यात गवत मांडीला लागत होतं. तिथल्या सागाची पानं सुपाएवढी झाली होती. जिथे वीस वर्षं उघडी लाल जमीन बघितली, तिथे हा हिरवागार तुकडा!

"कृष्णा, इथला पाचोळा नेलास ना?"

"दर साल नेतो, बाई. मायची आन."

म्हणजे ओरबाडलेली माती आपोआप सावरते? मग आजवर समजलं ते सगळं खोटं? त्या गुडघ्यांची तमा न बाळगता खाली बसल्या. खुरप्याने माती उकरली. बोटाला काहीतरी टोचलं. त्यांनी ते वर धरलं. पांढरा, बारीक, वाकडा.

मासळीचा काटा.

"डोंगरावर दर्या आला काय!" कृष्णा म्हणाला.

टीचरांनी ढेकूळ नाकाशी नेलं. हा वास, घरच्या केळीच्या वाडीतल्या खताचा, त्या जन्मापासून ओळखत होत्या. त्यांनी सावकाश मान वळवली. बॅप्टिस्ट टेम्पोच्या टायरकडे फार लक्ष देऊन बघत होता.

"बॅप्टी!"

"बाय, आधी ऐकून घे..."

"सुकी मासळी टाकलीस तू इथं?"

"थोडीच. नि जराशी पेंड. दोन पावसाळे." तो जवळ आला, पण हातभर लांबच थांबला. "तुला आणायला येतो नि ही माती बघतो. सगळं काढून नेता तिच्याकडून, देत काहीच नाही. आपल्या वाडीत केळीला कोणी असं उपाशी ठेवतं? बघवेना मला."

"मेल्या, उपाशीच ठेवायची होती ती!"

"मला काय माहीत? मला वाटलं, तू विसरलीस."

"वीस वर्षं विसरले मी?"

कृष्णा हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला. टीचरांना मात्र रडू येत होतं. आता सभेत कुणीही म्हणेल, ओढा सगळा पाचोळा, वरून खत टाका, झालं काम. आणि त्याला त्या काय सांगणार होत्या?

काय सांगणार होत्या?

त्या ताडकन उठल्या. "कृष्णा, कडं आण! इथं ठोक. या गवतातच."

"हितं? ही तर बाटली ना जागा?"

"बाटली म्हणूनच! जेवायला मिळालं हिला. आता पाणी पिते का बघू."

कृष्णाने कडं ठोकलं. दोन ठोक्यांत घण उसळून परत येऊ लागला, इतकी जमीन टणक. बॅप्टिस्टने पाणी ओतलं. तिघं वाकून बघत राहिले. पाण्यात आभाळ दिसू लागलं. मुंगी पोहू लागली. पाणी हललं नाही.

"पाणी जिरेपर्यंत अख्खी रोझरी म्हणून होईल इथं," बॅप्टिस्ट पुटपुटला.

दुसरीकडे ठोकलं. तेच. उघड्या जमिनीपेक्षा जरा बरं, पण जराच. टीचर बोलायला लागल्या आणि थांबेनात. "बघितलंस? अन्न दिलं तू. पोट भरलं तिचं. पण श्वास कोंडलेला तो कोंडलेलाच! पाचोळा नुसतं अन्न नाही रे, पांघरूण आहे. त्याच्याखाली गांडूळ राहतं, मुंगी राहते. तीच बिळं पाडतात. मासळीला कुठं बिळं पाडता येतात!"

"म्हणजे माझं चुकलं की बरोबर आलं?"

"चुकलं! फार छान चुकलं!"

त्यांनी भावाचा कान धरला आणि तशाच त्याला मधल्या पट्ट्यात नेलं. आता खरं ते इथं होतं.

कडं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. हे चांगलं लक्षण होतं. पाणी ओतलं. त्यांनी घड्याळ धरलं. पाण्याने एक बुडबुडा सोडला. मग दुसरा. मग कड्याच्या आतली ओली रेघ दिसू लागली, आणि पाणी तिच्यापासून खाली, खाली, खाली जात राहिलं.

"उतरलं! पानी उतरलं, बाई!"

"गप. अजून."

वर ठोकलं, खाली ठोकलं, ऐनाच्या बुंध्याशी ठोकलं, दोन झाडांच्या मधे ठोकलं. डबे संपले तसे कृष्णा ओहोळावरून भरून आणत राहिला. सगळीकडे माती प्यायली. तिसऱ्या पट्ट्याहून किंचित सावकाश, पण प्यायली. टीचरांनी वहीतले जुने आकडे बघितले. ज्या वर्षी पट्टा डगमगला होता, त्या प्रत्येक वर्षी पाऊस ओढ देऊन गेला होता. पावसाने साथ दिली की तो परत उभा राहत होता.

"अर्धा चालतो," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, "कृष्णा, अर्धा चालतो!"

कृष्णाने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

संध्याकाळी सभेत त्यांनी सगळं सांगितलं, मासळीसकट. पाडा हसून लोळला. साहेबांनीही मान डोलावली, अर्धा लिहून घेऊ म्हणाले. पण मागून कृष्णाची बायको चांगुणा बोलली, "अर्धा म्हंजे कोन ठरवनार? बाईंनी तोलून काढला. आम्ही रानात तराजू नेऊ? माझा अर्धा नि माझ्या जावेचा अर्धा कधी सारखा झालाय?"

पुन्हा हशा, पण या वेळी खालच्या आवाजात. अर्धा सिद्ध झाला होता, आणि हातात येत नव्हता.

"दाताळं आहे का कुणाकडं?" बॅप्टिस्टने विचारलं.

पाचोळा ओढायचं लाकडी दाताळं आलं. त्याने ते मांडीवर आडवं घेतलं आणि एक सोडून एक दात उपटले. "आता ओढ. जो फटीतून राहील तो रानाचा."

उजेड होता तोवर सगळे जवळच्या झाडांखाली गेले. चांगुणाने दाताळं ओढलं. ढीग टीचरांच्या तराजूत तोलला, राहिलेला गोळा करून तोलला. ओढलेला जास्त भरला.

"आणखी एक दात काढ," टीचर म्हणाल्या.

काढला. दुसऱ्या झाडाखाली ओढलं. काटा मधोमध येऊन डुलायला लागला. टीचरांनी टाळ्या वाजवल्या, मुलीसारख्या.

बॅप्टिस्ट उठायला गेला तर समोर बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात घरचं दाताळं. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"बस," त्या म्हणाल्या आणि टेम्पोतून पक्कड आणायला निघाल्या.