खेळ गेल्यावर उरलेली घरं

दादाला जाऊन चार महिने झाल्यावर वहिनीने त्याचं हातात धरून खेळायचं, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारं यंत्र माझ्यापुढे ठेवलं. "भावजी, यात मला तो बागेचा खेळ टाकून द्या. सारखं जागा नाही म्हणतंय."

मी दादाचे खेळ एकेक करून काढले. यादी रिकामी झाली, तरी हवी तेवढी जागा होईना. वैतागून यंत्राच्या फायलींत शिरलो, तर नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं रांगेने उभी. विंडोजसाठी बनलेला खेळ इथे चालावा म्हणून हे यंत्र प्रत्येक खेळाला एक खोटं घर बांधून देतं. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरात आहोत. पुढे खेळ जातो आणि घर मागे राहतं. दारावर नाव नाही, आत कोणी नाही, पण जागा अडलेली.

एका घरात मात्र दादा होता. दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी त्याने अर्ध्यावर सेव्ह केलेला डाव. परत यायचं असतं, म्हणून तर माणूस डाव सेव्ह करतो.

"ह्यात दादाचा डाव आहे," मी म्हटलं.

वहिनीने वाकून तो आकडा वाचला. मग म्हणाली, "काढा. पुढे खेळणार कोण?"

मी काढला. यंत्राने काही आवाजसुद्धा केला नाही.

"किती जागा झाली?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"एवढीच?"